सात तासांची शिदोरी

पिकअप फाट्यावर थांबला, की आधी गाठोडी वर चढतात आणि मग माणसं. डिसेंबरातली पहाट. साडेपाच वाजून गेलेले, पण उजेडाचा पत्ता नाही. कळवण तालुक्याच्या पश्चिमेला कनाशी, दळवट, जयदर हा सगळा डोंगराचा पट्टा. कांदालागणीच्या दिवसांत तिथून अशा कितीतरी गाड्या भरून खालच्या बागायतीत उतरतात. आमच्या गाडीत पंधरा-सोळा बाया, चार-पाच बाप्ये आणि एक मुकादम. मी मागेच बसले होते. शेजारच्या मावशींनी आपलं फडकं मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही तळवे टेकवले होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताई, हात ठेवा. ऊन हाय अजून." फडक्यातल्या भाकरीची ऊब माझ्या तळहाताला लागली. बेजच्या शिवारात पोहोचेपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने त्या भाकरीवर हात शेकत होतो.

मी शिक्षिका आहे. कळवणात येऊन बावीस वर्षं झाली. कामावर न्यायच्या जेवणाबद्दल लिहायचं मनात होतं म्हणून त्या दिवशी रजा टाकून, वही घेऊन या टोळीबरोबर निघाले होते.

वाफ्यांमध्ये उळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या रोपांच्या, जुड्या टाकलेल्या होत्या. ओणवं होऊन, अंगठ्याने मातीत रोप खोवत बाया मागे मागे सरकत होत्या. काम उक्तं घेतलेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि हात जास्त. बारा वाजता मुकादमाने सुट्टी म्हटलं. बाभळीच्या फांदीला टांगलेली गाठोडी खाली आली. पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि सगळ्या गोल बसल्या. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, काळपट तांबूस भाकरी. एकीच्या भाकरीवर खुरासणीची (कारळ्याची) चटणी, दुसरीच्या डबीत हुलग्याचं घट्ट कोरड्यास, तिसरीकडे भाजून भरडलेल्या उडदाचं वरण. ते इतकं दाट, की डबी आडवी केली तरी हलायचं नाही. कांदे मुठीने फोडले गेले. जे ज्याचं होतं ते मधे आलं आणि हात चहूबाजूंनी त्यात गेले.

"ताई, तुमचा डबा?" मावशींनी विचारलं.

पहाटे चारला उठून मी दोन डबे भरले होते. यजमान नाशिकला अपडाऊन करतात, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास, त्यांचा एक. लेक देवळ्याला बँकेत आहे, तिचा दुसरा. माझा भरायचा राहून गेला असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. माझा वेगळा डबा असा कधी नसायचाच. दोघांचे भरून जे उरेल ते शाळेत न्यायचं, आणि त्या दिवशी काही उरलं नव्हतं. मावशींनी काही न बोलता आपली भाकर मधोमध मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि तिच्यावर बोटांनी चटणी पसरली.

त्या अर्ध्या भाकरीने मला जे शिकवलं, ते मी पाककृतींच्या पानांत वर्षानुवर्षं शोधत होते.

मावशींची भाकर पाच वाजता बांधली गेली आणि बारा वाजता सुटली. सात तास. मधे डिसेंबरची थंडी, गाडीतले धक्के आणि दहानंतरचं ऊन. तरी ती मऊ होती. चटणीला वास नव्हता, कोरड्यासाला फेस नव्हता. सात तास टिकणारं, गार खाल्लं तरी चवीचं लागणारं, एका हाताने खाता येणारं आणि संध्याकाळी सहापर्यंत पोटाला आधार देणारं अन्न, असा हा हिशोब आहे. आपण ‘सोपे, पौष्टिक डबे’ म्हणून जे वाचतो, त्यात हा हिशोब क्वचितच असतो.

त्याला कारण आहे. डबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा डबा येतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था हा महाराष्ट्राचा अभिमान आहे, आणि मावळ, जुन्नर, अकोले भागातल्या त्या माणसांच्या कष्टाला मी मनापासून नमस्कार करते. पण त्या व्यवस्थेचं खरं देणं कोणतं? नोकरदार माणूस सकाळी लवकर निघून जातो आणि डबा त्याच्यामागून सावकाश निघतो. करणारीला दोन-अडीच तास जास्त मिळतात, आणि केलेलं अन्न तीन-चार तासांत पोटात जातं. त्या डब्यात आमटी चालते, साधं वरण-भात चालतं, कोशिंबीर चालते. कळवणात डबा मागून येत नाही. तो माणसाबरोबर सहाच्या गाडीत बसतो. इथे मुंबईचा डबा भरला की दुपारी तो आंबतो.

माझा आंबला होता. नोकरीच्या पहिल्याच एप्रिलमध्ये मी वाफाळतं वरण-भात घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शाळेत नेलं. साडेबाराला झाकण उघडलं तेव्हा आतून पाणी टपकत होतं आणि भाताला तार आली होती. भूक इतकी होती की तरी चार घास खाल्ले. पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. शिजलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळलं की जीवाणू झपाट्याने वाढतात, हे मी मुलांना विज्ञानात शिकवत होते. भाताचं तर आणखी एक आहे. काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते पुन्हा जागे होतात. फळ्यावर लिहिलेलं ज्ञान डब्यात उतरायला मला आजारी पडावं लागलं.

मावशींच्या फडक्यात हे ज्ञान आधीपासून आहे. तव्यावरची भाकर त्या लगेच बांधत नाहीत. टोपल्याच्या कडेला ती उभी टेकवतात, तिची वाफ जाऊ देतात आणि मग बांधतात. "घामेजली का बिघडली," एवढंच त्या म्हणाल्या. फडकं श्वास घेतं, त्यामुळे राहिलेली वाफ त्यातून निघून जाते. गाडीत जी ऊब माझ्या हाताला लागली ती या सुटत्या वाफेची होती. मी स्टीलचाच डबा वापरते, पण आता पोळी-भाकरी आधी सुती रुमालात आणि मग डब्यात जाते. वर्तमानपत्रात मात्र चुकूनही नाही. छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावलं आहे. तरी आपल्याकडे अजून पोळ्यांखाली कालचा पेपर असतोच.

वाफेनंतर येतं पाणी. ज्या पदार्थात पाणी मोकळं आहे, तो आधी जातो. म्हणून झुणका टिकतो आणि पिठलं टिकत नाही. परतलेली गवार राहते, पण ओल्या खोबऱ्याची चटणी दहालाच उतरते. खुरासणी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून कुटलेली चटणी पंधरा दिवस हलत नाही. मीठ आणि आंबटही टिकाऊपणाला हातभार लावतात. जपानी माणसं डब्यातल्या भाताच्या मधोमध खारवलेलं आंबट फळ खोवतात ते याचसाठी. आपल्याकडे लिंबाची फोड आणि चिंचेचं बुटूक तेच काम करतात.

आता भाकरीकडे येते. या लेखात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते नागलीबद्दल.

आमच्या तालुक्याचे दोन भाग आहेत. चणकापूर आणि पुनंद धरणांचं पाणी जिथे पोहोचतं तिथे कांदा आणि ऊस. वर डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, हुलगे आणि खुरासणी. राब भाजून, रोप करून, भरपावसात आवणी केलेली ही नागली कणगीत वर्षानुवर्षं टिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. नागलीत तंतू भरपूर असल्याने ती सावकाश पचते आणि सात तासांच्या डब्यानंतरचे उरलेले सहा तास तीच ओढून नेते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं. त्यानंतर दुकानांतून नागलीची बिस्किटं जास्त दिसू लागली. त्यात बऱ्याचदा आधी मैदा, मग साखर आणि मग नागली. ती खाऊन नागली खाल्ल्याचं समाधान कुणी मानू नये.

माझ्या वर्गात डोंगरपट्ट्यातून येणारी एक मुलगी होती. डबा उघडताना ती झाकण उभं धरायची आणि त्याच्याआड खायची. एकदा मी जवळ गेले तर तिने झाकण मिटून घेतलं. आत नागलीची भाकर होती. शेजारच्या मुली पांढरी पोळी आणत आणि हिची भाकर काळी. मी तिच्याकडे एक तुकडा मागितला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. तिला किती बरं वाटलं ते मला ठाऊक नाही, कारण ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. वर्गातल्या सगळ्या डब्यांत जो डबा सर्वांत सकस होता, त्याचीच एका लेकराला लाज वाटावी, असं आपण काय शिकवून बसलो आहोत?

नागलीची भाकर जमत नाही अशी तक्रार असते. तिला चिकटपणा नाही, म्हणून ती गार पाण्याने थापली की चिरते. आधणाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालायचं, गॅस बंद करून त्यात पीठ सोडायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल तेव्हा तळव्याने रगडून मळायचं. अशी भाकर दुपारपर्यंत मऊ राहते. मात्र हे पीठ रात्री मळून ठेवता येत नाही. पोळीची कणीक शीतकपाटात राहते, पण भाकरीचं पीठ लगेच लागतं. बाजरीचंही तसंच. शिवाय तिचं दळण आठ-दहा दिवसांत कडवट होतं, म्हणून ते थोडं थोडं करावं. चार भाकरींना पाव तास लागतो. पहाटेचा तेवढा वेळ भाकरीला द्यायचा आणि बाकी सगळं आदल्या दिवशी उरकायचं, एवढं ठरवलं की डबा सोपा होतो.

हे ‘बाकी सगळं’ कसं उरकतात ते मला एसटीतल्या एका निवृत्त वाहकाने सांगितलं. कळवण आगारात त्यांची नोकरी झाली. मुक्कामी गाडी असली की त्यांच्या पिशवीत दोन डबे असत. एक दुपारचा, तो ताजा. दुसरा रात्रीचा, त्यात दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. "मुक्कामाच्या गावी सगळं बंद झालेलं असायचं, ताई. ही चटणी घरात नाही असा दिवस आमच्या मंडळींनी कधी येऊ दिला नाही." मंडळी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या बाजूलाच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उन्हाळाभर त्याचंच करायचं की."

या एका वाक्यात सोप्या डब्याचं गुपित आहे. डब्याचा सोपेपणा आधी करून ठेवावा लागतो. पूर्वी तो एप्रिल-मेमध्ये केला जायचा. डाळी उन्हं दाखवून, भरडून ठेवायच्या, मिरच्या वाळवायच्या, नागलीचे पापड लाटायचे. आता एवढं कुणाला होत नाही आणि व्हावं असंही नाही. पण रविवारचा दीड तास होतो. मी त्या दिवशी मठ आणि हुलगे भिजत घालते, रात्री उपसून फडक्यात बांधते आणि मोड आले की डब्यात भरून गार ठेवते. बुध-गुरुवारपर्यंत ते पुरतात. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं, पचायलाही हलकं होतं. एक चटणी खुरासणीची, एक जवसाची. गवार किंवा मेथी रात्री टीव्हीसमोर निवडून होते. सकाळी उसळीला फोडणी आणि भाकरी. याच्यापलीकडे रोज नवा पदार्थ पाहिजे असा हट्ट मी सोडून दिला आहे. चव बदलायला चटणीची डबी बदलली तरी पुरते.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर लेख खोटा होईल. मावशींच्या शिदोरीचं मी कौतुक करते ते तिच्या पद्धतीचं. तिच्यातल्या उणिवेचं नाही. त्या गोल बसलेल्या टोळीत हिरवी भाजी एकीकडेही नव्हती. दूध, दही, फळ यांचा प्रश्नच नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. त्या आकड्यात शेतातल्या बाया आहेत आणि आमच्या शिक्षकखोलीतल्याही आहेत. पावसाळ्यात डोंगरावर कुरडू, करटुली मिळतात, हिवाळ्यात आवळा मिळतो. आवळ्याच्या, लिंबाच्या आंबटाने भाकरीतलं आणि डाळीतलं लोह चांगलं अंगी लागतं. उलट जेवल्याजेवल्या घेतलेला चहा ते अडवतो. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा, असं मी प्रत्येक बाईला सांगत सुटले आहे. आमच्या खोलीत डबा मिटायच्या आत चहाची किटली येते. ती किटली तासाने आणा, इतका बदल करायला मला दोन वर्षं लागली.

आणि बसून काम करणाऱ्याने शिदोरी जशीच्या तशी उचलू नये. दिवसभर वाकून घाम गाळणाऱ्या बाईला तीन भाकरी आणि मिठाचा ठेचा लागतो. खुर्चीवर बसणाऱ्याला नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड आणि ठेचा एका डब्यात आले की ते तिथेच संपतं. खुर्चीवाल्याच्या डब्यात एक-दीड भाकर, त्याच्या दुप्पट भाजी आणि उसळ हवी.

खायला वेळही हवा. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा दिवस पावणेदहा ते सव्वासहा झाला आणि जेवायला एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास ठरला. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाच तासांहून जास्त सलग काम नाही, मधे किमान अर्धा तास विश्रांती, आणि दीडशेहून जास्त कामगार असतील तर जेवायला जागा द्यायची, असं लिहिलेलं होतं. कांद्याच्या वाफ्यापर्यंत यातलं काहीच पोहोचलं नाही. तिथे जागा म्हणजे बाभळ आणि वेळ म्हणजे मुकादमाचं घड्याळ. त्या दिवशी बारा ते साडेबारा सुट्टी होती, आणि त्यातली दहा मिनिटं हातावरचा चिखल काढण्यात गेली.

आणि ही भाकर थापायला उठतं कोण? १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना कर्ज मिळालं, त्यांच्या रांधण्याला पैशात मोल आलं. पण ते रांधणं परक्यांसाठी होतं. घरच्यांसाठी रांधणारीच्या पहाटेचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. मावशी साडेतीनला उठतात. घरात पाच माणसं. त्यांची स्वतःची शिदोरी शेवटी बांधली जाते. "कधी दोन भाकरी येतात, कधी दीड," त्या म्हणाल्या. माझ्यात आणि त्यांच्यात त्या क्षणी काही फरक उरला नव्हता.

त्या संध्याकाळी मी घरी बोलले. भांडण झालं नाही, पण जेवताना बराच वेळ कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने आपला डबा आपणच भरला. यजमानांनी भाकरी शिकायचं मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यात भाकरीचा नकाशा व्हायचा आणि तव्यावर टाकताना निम्मी हातातच राहायची. मी मधे पडले नाही. पाण्याचा हात कसा फिरवायचा तेवढं दाखवलं आणि खुरासणी भाजत उभी राहिले. ओट्यावर आता तीन डबे असतात. तिसरा माझा, आणि तो मी आधी भरते.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्या टोळीबरोबर गेले. कांद्याची निंदणी चालू होती. बारा वाजता गाठोडी खाली आली तेव्हा मीही रुमाल सोडला. मेथी घालून केलेली मोडाच्या मठाची उसळ, लिंबाच्या फोडी, जवसाची चटणी आणि तीन भाकरी. उसळ मधे ठेवली. मावशींनी भाकर उचलून उलटसुलट करून पाहिली.

"ही कोणी थापली?"

"आमच्या ह्यांनी. काठ फाटलाय जरा."

त्यांनी फाटक्या काठावरून अंगठा फिरवला, भाकर नाकाशी नेली.

"फाटू दे. निवू दिली व्हती ना?" त्या म्हणाल्या, आणि तिचे दोन तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला.